अनंतगिरीला न पोचलेली तूरडाळ

आधीच सांगते. हैदराबादहून अनंतगिरीच्या डोंगरात जायला दोन-अडीच तास लागतात. आम्हाला निघायलाच तीन आठवडे लागले, आणि त्यातले दोन आठवडे किराणा मालाची यादी कोणत्या ॲपवर करायची यात गेले. ज्यांना नुसता रस्ता आणि राहायची सोय हवी आहे त्यांनी सरळ खाली चेवेल्लाच्या वडांपर्यंत उतरावं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं, कारण या सहलीत डोंगर कमी आणि तूरडाळ जास्त आहे.

जायचं ठरलं ते माझ्या सासूबाईंमुळे. त्या, म्हणजे आई, हैदराबादेतच कोठीजवळ जांबागला राहतात, दुसऱ्या मजल्यावर, एकट्या. वय त्र्याहत्तर. चाळीस वर्षं नाकाला पदर लावून त्यांनी मुसी नदीचा पूल ओलांडला. ही नदी अनंतगिरीच्या जंगलात उगम पावते आणि तिथे तिचं पाणी स्वच्छ असतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्यांचं एकच चालू होतं, ‘एकदा बघायचं आहे मला, खरं का खोटं ते.’

पण त्याच दिवसांत आमच्या घरात दुसरंही एक चालू होतं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात आई दूध गॅसवर ठेवून शेजारी गेल्या आणि गप्पांत रमल्या. पातेलं काळं कोळसा झालं. मग एकदा किल्ल्या हरवल्या, त्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीखाली सापडल्या. त्यानंतर माझा नवरा हेमंत याने ठरवूनच टाकलं की आईला आता तारनाक्याला आमच्याकडे आणायचं. दर रविवारी जेवताना तो हा विषय काढायचा आणि दर रविवारी आई वरण वाढून घ्यायच्या. खरं सांगते, माझी दोन्ही बाजूंनी पंचाईत होती. त्या आल्या तर माझ्या स्वयंपाकघरावर माझं राज्य उरणार नव्हतं, आणि नाही आल्या तर अवेळी फोन वाजला की धावत जाणं चुकणार नव्हतं.

एका रविवारी आईंनी ताट बाजूला सारलं आणि हेमंतला म्हणाल्या, “सहलीच्या सामानाची यादी माझ्याकडे दे. सहा माणसं, दोन दिवस. एक वस्तू जरी विसरले तर पुढच्या महिन्यात गाठोडं बांधून तारनाक्याला येते. नाही विसरले, तर हा विषय बंद.”

हेमंत कबूल झाला. वर त्याने नियम घातला की कोणी आईला आठवण करायची नाही, काही विचारायचं नाही, सुचवायचं तर अजिबात नाही. हा नियम नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्या पोटी जन्माला आला.

आता सहा माणसं कोण, तर आई, हेमंत, मी, आमची कॉलेजात जाणारी मुलगी इरा, आणि हेमंतच्या रेल्वेच्या ऑफिसातला मित्र श्रीनिवास व त्याची बायको लावण्या. श्रीनिवासकडे सात माणसांची गाडी आहे आणि तो सिकंदराबादला एका मोठ्या सुपरमार्केटच्या शेजारी राहतो. त्यामुळे खरेदी त्याच्याकडे लागली. यादी आईंची, खरेदी श्रीनिवासची, गाडी पण श्रीनिवासची. आम्ही नुसतं बसायचं. इतकं सोपं काम असताना त्यात ॲप घुसवलं ते इराने, आणि मी तिला त्यात साथ दिली हे कबूल करते.

पहिल्या ॲपला सगळ्यांचे ईमेल हवे होते. आईंना ईमेल होता, पण त्याचा पासवर्ड बाबांनी कुठे लिहून ठेवला होता ते बाबाच जाणोत. दुसरं ॲप अतिशहाणं होतं. ते वस्तूंची आपोआप वर्गवारी करायचं, आणि आईंनी लिहिलेला कढीपत्ता त्याने बागकामात टाकला. तिसरं दर दोन मिनिटांनी पोट कमी करायची जाहिरात दाखवायचं. आईंनी ती चार वेळा शांतपणे बघितली आणि पाचव्या वेळी फोन पालथा घातला. हेमंतने मधेच स्वतःचा एक रंगीत तक्ता करून पाठवला. तो रेल्वेत आहे, तक्त्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्या तक्त्यात ‘आगमन’ असा एक रकाना होता. कशाचं आगमन, ते त्याला सांगता येईना. श्रीनिवास म्हणत होता की व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढू, पण त्याच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं येतात आणि त्या फुलांखाली यादी दोनदा गाडली गेली. लावण्या पहिल्यापासून सांगत होती की एक कागद घ्या आणि एक पेन घ्या. तिचं कोणी ऐकलं नाही. तिच्याइतकं शहाणं आमच्यात कोणी नव्हतं हे आता लिहायला हरकत नाही.

चौथं ॲप मात्र सगळ्यांना पसंत पडलं. फुकट होतं, अक्षरं मोठी होती, मराठीत लिहिता येत होतं, आणि प्रत्येक वस्तूच्या पुढे टिक करायला एक चौकोन होता. कोणी काही लिहिलं किंवा टिक केली की सगळ्यांच्या फोनवर कळायचं. आईंनी फोन हातभर लांब धरून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हौ, हे बरं आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्या कपाटाच्या दारासारखं आहे.”

कुठलं कपाट, कसलं दार, हे आम्ही विचारायला हवं होतं. पण नियम होता ना, आईला काही विचारायचं नाही. शिवाय चौथ्या ॲपपर्यंत येता येता सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते.

दोन संध्याकाळी बसून आईंनी एका बोटाने तेवीस वस्तू लिहिल्या. तूरडाळ, तांदूळ, ज्वारीचं पीठ, चिंच, गूळ, हिंग, मीठ, साखर, चहा, अशा. मग आम्हा इतरांच्या बोटांना खाज सुटली. इराने पास्ता लिहिला, मेयोनीज लिहिलं, मार्शमॅलो लिहिले. श्रीनिवासने चार प्रकारचे चिप्स लिहिले. मी, मोठ्या मनाने, एक ऑलिव्ह तेलाची बाटली घातली. यादी एकतीस वस्तूंची झाली. इराला मराठी बोलता झकास येतं, पण वाचताना ती अक्षर न् अक्षर लावते, त्यामुळे तिने आईंच्या तेवीस वस्तू वाचल्याच नाहीत. तिचा आजीवर विश्वास होता.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन थरथरायला लागला. आईंनी तूरडाळ टिक केली. आईंनी तांदूळ टिक केला. आईंनी हिंग टिक केला. तेवीस वेळा. मी फोन उशीखाली सारला, हो, मी घरूनच काम करते. संध्याकाळी हेमंत म्हणाला की आईने सगळं जांबागमधूनच आणून टाकलं वाटतं, एवढं ओझं कशाला वाहिलं असेल. त्याला फोन करावासा वाटत होता, पण नियम त्याचाच होता. शुक्रवारी श्रीनिवासने ॲप उघडलं तेव्हा त्याला आठच वस्तू शिल्लक दिसल्या. त्याने त्या आणल्या आणि टिक केल्या. झालं. सगळ्यांच्या फोनवर एकदम रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि ‘सर्व काही झालं, शाब्बास’ असं आलं. हेमंत बराच वेळ त्या शाब्बासकडे बघत बसला.

“आई जिंकली बहुतेक,” तो म्हणाला. त्याला आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला कळलं नाही आणि त्यालाही कळलं नसावं.

शनिवारी सकाळी साडेसहाला श्रीनिवास-लावण्या आम्हाला तारनाक्याहून घेऊन निघाले. साडेसातला जांबाग. शनिवारी इतक्या लवकर कोठीच्या रस्त्याला गाडी उभी करायला जागा मिळते, नंतर नाव घेऊ नका. आई खाली उभ्याच होत्या, शेजारी एक कापडी पिशवी, फुगून टम्म झालेली. श्रीनिवासने ती उचलली आणि त्याची कंबर जागीच वाकली.

“आंटी, पूरी दुकान उठाके लाये क्या?”

आई समाधानाने हसल्या. हेमंतने माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे बघ, सगळं आणलंय. पिशवीत काय आहे हे कोणी बघितलं नाही. बघणंही नियमात बसत नव्हतं.

रस्त्याचं सांगते. मेहदीपट्टणम, लंगर हौज, मग मोईनाबाद, चेवेल्ला, मन्नेगुडा आणि विकाराबाद, असा सरळ मार्ग आहे. शहर सुटायलाच पाऊण तास लागतो, त्यामुळे लहान मुलं असतील तर खाऊ हाताशी ठेवा. मोईनाबादच्या पुढे एका टिफिनच्या गाडीवर आम्ही इडली, मिरची भजी आणि चहा घेतला. सहा जणांचं मिळून पाचशेच्या आत झालं, आणि शेंगदाण्याची चटणी मागाल तितकी वाढत होते. चेवेल्लाच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत. वरून त्यांच्या फांद्या एकमेकींना भेटलेल्या आणि खाली रस्ता सावलीत. रुंदीकरणाच्या गोष्टी चालू आहेत, तेव्हा ज्यांना बघायचे आहेत त्यांनी उशीर करू नये. मन्नेगुड्याला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. आईंनी खाली उतरून एकेक फळ दाबून बघितलं, दोन बायकांशी तेलुगूत घासाघीस केली आणि डझनभर घेतली. त्या क्षणी त्या इतक्या तरतरीत दिसत होत्या की हेमंतने त्यांचा फोटो काढला.

बंगला विकाराबादच्या पुढे सात किलोमीटरवर, जंगलाला लागून. दोन खोल्या, हॉल, गॅसची शेगडी असलेलं स्वयंपाकघर, पुढे मोठा व्हरांडा. एका रात्रीचे सात हजार. मालक राहत नाहीत, किल्ली शेजारच्या शेतातून घ्यायची. आजूबाजूला दुकान नाही, हॉटेल नाही, मोर आहेत. हे सगळं आम्ही मुद्दाम निवडलं होतं, शांतता हवी म्हणून.

साडेदहाला पोचलो. आईंनी पदर खोचला, म्हणाल्या, पहिल्यांदा चहा टाकते, मग आंबट वरण आणि भाकरी. श्रीनिवासने गाडीतली खोकी आणून ओट्यावर ठेवली. आईंनी एकेक वस्तू बाहेर काढली. पास्ता. मेयोनीज. चिप्स, चिप्स, चिप्स, चिप्स. मार्शमॅलोची दोन पाकिटं. माझं ऑलिव्ह तेल. त्यांनी खोकं उलटं करून बघितलं.

“बाकीचं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या पिशवीत ना?” मी म्हणाले.

पिशवीत लोखंडी तवा होता, खलबत्ता होता, पोळपाट-लाटणं, पितळी डबा, गाळणं आणि दोन पातेली होती. परक्या भांड्यांत आई स्वयंपाक करत नाहीत, हे मला वीस वर्षं माहीत आहे. मीठसुद्धा नव्हतं. साखर नव्हती, चहा नव्हता. सहा माणसं, चार प्रकारचे चिप्स आणि एक खलबत्ता घेऊन आम्ही जंगलाच्या कडेला उभे होतो. इराला हसू आलं आणि तिने लगेच दाबलं, कारण आजीचा चेहरा तिला दिसला.

हेमंत चिडला असता तर बरं झालं असतं. तो आईंजवळ गेला, त्यांच्या हातातला पितळी डबा घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “असू दे आई. होतं असं.”

त्या ‘होतं असं’ने आई जागच्या जागी लहान झाल्या. बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्या फोनकडे बघत होत्या, पण तो उघडत नव्हत्या.

“मला वाटलं होतं मी सगळं नीट केलं,” त्या म्हणाल्या. “तेवीसच्या तेवीस. आता मलाच भरवसा वाटेना झालाय, केतकी.”

मला रडू आलं. सासूबाईंशी माझं फार गूळपीठ आहे असं नाही, पण त्यांना स्वतःचा भरवसा वाटत नाही हे ऐकायची माझी तयारी नव्हती. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ‘बरं झालं, आता प्रश्न मिटला’ असं माझ्या मनात कुठेतरी येऊन गेलं होतं, याचीही लाज वाटली.

उपाशी राहून चालणार नव्हतं, म्हणून लावण्या आणि मी गाडी घेऊन विकाराबादला निघालो. ती गाडी चालवत होती आणि मी काय काय आणायचं ते आठवत होते. दहा वस्तूंनंतर माझी गाडी अडली. मग म्हटलं, ॲपमध्ये यादी असेलच. उघडलं तर शाब्बास. यादी रिकामी. खाली बारीक अक्षरांत ‘पूर्ण झालेल्या वस्तू’ होतं, ते दाबलं तेव्हा सगळ्या एकतीस वस्तू उघडल्या, प्रत्येकीपुढे टिक आणि टिक करणाऱ्याचं नाव.

बसस्टँडजवळ एक जुनं किराणा दुकान आहे, लाकडी फळ्यांचं. दुकानदार वयस्कर, चष्मा कपाळावर. मी आईंच्या नावाच्या वस्तू एकेक वाचून दाखवायला लागले आणि तो काढून ठेवायला लागला. अधूनमधून मी म्हणत होते, बघू, अजून काय राहिलंय. काही राहिलेलं नव्हतं. काडेपेटी होती त्यात. भांडी घासायची घासणी होती. भाकरीसाठी ज्वारीचं पीठ आणि श्रीनिवास भाकरी खात नाही म्हणून गव्हाचं वेगळं. लावण्याला जेवणानंतर बडीशेप लागते, तीसुद्धा होती. हे सगळं ज्या बाईला सुचलं, ती बाई विसरली कशी, हे मला उमगेना.

दुकानदाराला माझ्या वाचण्याचा कंटाळा आला असावा. त्याने फोन हातात घेतला, चष्मा खाली ओढला आणि पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “टिक मारे सो चीजां देना है ना, अम्मा?”

मी हो म्हणाले. आणि मग त्याच्याकडे बघतच राहिले.

टिक मारलेल्या वस्तू द्यायच्या. अर्थात. नाहीतर माणूस टिक कशाला मारेल? मी लावण्याकडे बघितलं. तिला मराठी येत नाही, पण तिने माझ्या आधी ओळखलं. तिने फोन घेतला आणि बोटाने दाखवत गेली. आईंनी टिक केलेल्या तेवीस वस्तू, एकही आलेली नव्हती. आईंनी टिक न केलेल्या आठ, सगळ्या ओट्यावर होत्या.

“मी कागद घ्या म्हटलं होतं,” ती हिंदीत म्हणाली, आणि पिशव्या उचलून गाडीकडे निघाली.

बंगल्यावर परतलो तर हेमंत व्हरांड्याच्या पायरीवर आणि आई खुर्चीत, दोघं मोर बघत असल्यासारखे. मोर कधीच निघून गेलेले. मी पिशव्या खाली ठेवल्या, फोन आईंच्या पुढे धरला आणि हेमंतच्या देखत विचारलं, “आई, गुरुवारी तुम्ही हे टिक केलंत, म्हणजे काय केलंत?”

“काय केलं म्हणजे? जे हवं त्याला टिक केली.”

“आणि पास्ता?”

“त्याला कुठे केली? पास्ता नक्को म्हणूनच सोडला. चिप्सही सोडले. ते तेल कोणी लिहिलं होतं कोण जाणे, तेही सोडलं.” मी ऑलिव्ह तेलाबद्दल गप्प बसले. “हवं त्याला टिक करायची, मग आणणाऱ्याने आणायचं. चाळीस वर्षं असंच करते आहे मी. तुम्ही कसं करता?”

हेमंतने फोन घेतला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. बडीशेपेपाशी थांबला. मग उठला, पिशव्या आत नेल्या आणि पहिल्यांदाच, म्हणजे लग्नानंतर माझ्या बघण्यात पहिल्यांदाच, न सांगता चहाचं आधण ठेवलं. पैज जिंकली का हरली हे मात्र तो बोलला नाही. आईंनीही विचारलं नाही. पण पदर पुन्हा खोचला गेला होता.

त्या दुपारचं जेवण मी विसरणार नाही. चिंच-गुळाचं आंबट वरण, वर लसणाची फोडणी, तव्यावरची गरम भाकरी आणि कुटलेला ठेचा. खलबत्ता कशाला आणला म्हणून जो श्रीनिवास कुरकुरत होता त्याने पाच भाकऱ्या खाल्ल्या, गव्हाच्या पोळ्या तशाच राहिल्या. पास्ता कोणी उघडला नाही. आई वाढताना प्रत्येकाला एकदा तरी ऐकवत होत्या की याला टिक होती बरं का. चौथ्या वेळी हेमंतसुद्धा हसला.

संध्याकाळी इराने अंगणात काटक्या पेटवल्या आणि मार्शमॅलो भाजायला घेतले. आईंनी पाकीट उलटंसुलटं करून हिरवा ठिपका शोधला, तो सापडल्यावर एक खाल्ला आणि म्हणाल्या की साबण बरा. मग थोड्या वेळाने, कोणी बघत नाही असं वाटून, अजून एक घेतला.

रविवारी सकाळी मुसी. बंगल्यापासून डोंगरावरच्या अनंत पद्मनाभस्वामींच्या देवळापर्यंत वळणावळणाचा रस्ता आहे, पंधरा मिनिटं. सकाळी आठच्या आत जा, नंतर गाड्यांची रांग लागते. चपला गाडीतच ठेवा. माकडांपासून सीताफळं जपा, आमची दोन गेली. जंगलातल्या पाऊलवाटेने खाली उतरलं की दगडांमधून झिरपणारं पाणी लागतं. हात धरून, थांबत थांबत, आई तिथवर आल्या. हेमंत त्यांच्या एक पाऊल पुढे, पाठमोरा, घसरल्या तर अंगावर झेलीन अशा बेताने. आईंनी वाकून ओंजळ भरली, वास घेतला आणि आमच्याकडे वळल्या.

“वास नाही गं,” त्या म्हणाल्या. “बिचारीचा काय दोष. आपल्या गावापर्यंत येईतो तिचं असं झालं.”

त्यांनी रिकाम्या बाटलीत ते पाणी भरून घेतलं. शेजारणीला दाखवायला.

जेवून निघालो. परतताना रविवारी संध्याकाळी मोईनाबादपासून पुढे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, त्यामुळे तीनच्या आत निघा. आम्ही निघालो नाही. जांबागला पोचायला आठ वाजले. श्रीनिवास-लावण्या गाडीत थांबले आणि आम्ही चौघं भांड्यांची पिशवी घेऊन वर गेलो.

आईंच्या स्वयंपाकघरात मी वीस वर्षं चहा पिते आहे, पण ते भिंतीतलं कपाट कधी उघडलं नव्हतं. आई उघडू देत नाहीत, म्हणतात तुला सापडणार नाही. त्या दिवशी पितळी डबा आत ठेवायला त्यांनी ते उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला यादी होती. पिवळा पडलेला मोठा कागद, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, कडेला दोऱ्याला बांधलेलं निळं स्केचपेन. साठेक वस्तू, सगळ्या बाबांच्या गोल अक्षरात. तीन वस्तूंपुढे निळी टिक होती. साबुदाणा, हिंग, काडेपेटी.

हेमंत त्या घरात वाढला. तरी तो त्या दारापुढे पाहुण्यासारखा उभा राहिला.

“या खुणा पुसतं कोण?” त्याने विचारलं.

“तुझे बाबा पुसायचे. मी टिक करायची, ते आणायचे आणि आणलं की बोट ओलं करून पुसायचे. कधी विसरले नाहीत.” आई गाळणं खुंटीला अडकवत होत्या. “आता मीच टिक करते, मीच जाते, मीच पुसते. तुमच्या फोनमध्ये केली तेव्हा वाटलं, चला, पुन्हा आणणारं कोणीतरी आहे.”

हेमंत खाली गेला. मला वाटलं गाडीकडे गेला. दहा मिनिटांनी आला तो साबुदाणा, हिंग आणि काडेपेटी घेऊन. तिन्ही वस्तू ओट्यावर ठेवल्या, नळाखाली बोट ओलं केलं आणि दारावरच्या तीन खुणा एकेक करून पुसल्या. नीट, कडेपर्यंत.

“विषय बंद,” तो म्हणाला.

आईंनी मान हलवली आणि काडेपेटी शेगडीजवळ ठेवून दिली. मी तोंड धुवायच्या निमित्ताने नळ मोठा सोडला.

आता घरी येऊन महिना झाला. तुम्ही विचाराल की मग ॲप कोणतं घ्यावं. कोणतंही घ्या. फक्त निघण्याआधी सगळ्यांना एका ठिकाणी बसवा आणि टिक म्हणजे काय ते प्रत्येकाच्या तोंडून वदवून घ्या, विशेषतः तुमच्या घरात कोणाला काही विचारायचं नाही असा नियम असेल तर. ऑलिव्ह तेल अजून बंद आहे, कोणाला हवं असेल तर सांगा.

मधल्या काळात इराने ॲपमध्ये ‘जांबाग’ नावाची नवी यादी केली आहे. दारावरच्या साठेक वस्तू तिने स्वतः, अक्षर लावत लावत, त्यात उतरवल्या. त्यात टिक म्हणजे हवं, हे आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे. शुक्रवारी आई दारावर आणि फोनवर, दोन्हीकडे टिक करतात, शनिवारी हेमंत मेट्रोने सामान घेऊन जातो, जेवतो आणि दारावरचं पुसून येतो. गॅसचं म्हणाल तर काळजी आहेच, पण आठवड्याला कोणीतरी घरात डोकावतं.

गेल्या शुक्रवारी बराच वेळ काही आलं नाही. सात वाजून गेले तेव्हा हेमंत अस्वस्थ झाला, चपला शोधायला लागला. तेवढ्यात फोन थरथरला. आईंनी यादीच्या तळाशी एक नवी वस्तू स्वतः लिहिली होती आणि तिच्यापुढे टिक केली होती.

मार्शमॅलो. दोन पाकिटं.